सीलवरचं हळदी-कुंकू

मला वाचवलं ते खालांनी. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं लिहिताना मधेच कुठं थांबले तर निदान एवढं तरी कागदावर राहावं.

खाला म्हणजे मावशी, पण त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मेंढ्यांची लस बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी कामाला होतो. त्या काचेची भांडी धुवायच्या, मी मेंढ्यांचा गोठा झाडायची, चारापाणी बघायची. त्या विधवा, मुसलमान, औरंगाबादेत जन्मून औरंगाबादेतच म्हाताऱ्या होत आलेल्या. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. मी वैनगंगेच्या पलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. शेंद्र्याला कारखाने निघालेत म्हणून नवऱ्यानं इकडं आणलं आणि पुढं "पुण्यात बघून येतो" म्हणून गेला तो गेलाच. माहेरी परत जायला तोंड नव्हतं. भाऊ घेऊन गेला असता, पण भावजयीनं ताटात भात वाढताना जे पाहिलं असतं, ते मला इथूनच दिसत होतं. खालांनी बेगमपुऱ्यात आपल्या भाड्याच्या घराला लागून खोली बघून दिली, दोन्हींच्या घरमालकाला "मेरी बच्ची है" म्हणून सांगितलं आणि कंपनीत साहेबांसमोर मला उभं केलं.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य. इकडच्याच एका गावचे, जमीनदार घरातले, शिकून मोठे झालेले. बोलायला मोकळे, पण बोलणं लागेल असं. मी पहिल्या दिवशी "का"च्या जागी आमच्याकडचं "काहून" म्हणाले, तर त्यांनी अख्ख्या खात्याला बोलावलं. "ऐका रे, ऐका! म्हण गं पुन्हा. काहून!" तेव्हापासून माझं नावच काहून पडलं. काहून, झाडू मार. काहून, पाणी ठेव. मी हसायची. न हसून काय करणार होते?

आमच्याकडं लस बनायची ती काळपुळीची. हा रोग मेंढीला झाला की सकाळी चरायला गेलेलं जनावर दुपारी पाय ताठ करून पडतं, आणि माणसाच्या कातडीला लागला तर काळी पुळी उठते. लस खरी की खोटी, हे बघायला खरा जंतू लागतो. म्हणून काही मेंढ्यांना लस टोचायची, त्यांच्या पाठीवर निळा रंग. काहींना टोचायची नाही, त्यांच्या पाठीवर लाल. मग दोघींनाही खरा जंतू द्यायचा. निळ्या जगल्या आणि लाल मेल्या की लस पास.

दोघींना चारा मीच घालायची. गोठ्यावर एक मामा होते, धनगराच्या घरातले, सोयगावकडचे. स्वतःचा कळप विकून नोकरीला आलेले. ते लालवाल्यांना आधी लसूणघास टाकायचे, कोवळा, निवडून. साहेबांनी एकदा पाहिलं.

"मामा, मरणाऱ्याला घास आन् जगणाऱ्याला कडबा? उलटा न्याय व्हय का तुमचा?"

"जगणारी उद्या बी खाईल, साहेब."

"मग जेवण घाला तेराव्याचं. पगारातून कापतो."

आणि खरंच पैसे कापले. त्यानंतर मामा लालवाल्यांना घास सदऱ्याच्या आत लपवून आणायचे. मी मात्र त्या मेंढ्यांच्या डोळ्यांत बघायची नाही. बघितलं की रात्री जेवण जायचं नाही, आणि जेवण गेलं नाही की खाला चिडायच्या.

तो खरा जंतू असायचा काचेच्या छोट्या कुप्यांत. कुप्या स्टीलच्या डब्यात, डबा फ्रीजमध्ये, फ्रीज कुलपात आणि ती खोलीही कुलपात. भिंतीवर सरकारची परवानगी काचेच्या चौकटीत लावलेली. ती नसेल तर असला जंतू जवळ ठेवणं गुन्हा. फ्रीजला दोन कुलपं, दोन चाव्या, दोन माणसांकडं. एक साहेबांकडं, दुसरी लस तपासणाऱ्या मॅडमकडं. दोघं हजर असल्याशिवाय ते दार उघडायचं नाही. मागच्या तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं दारावर कागदी सील चिकटवलेलं, त्यावर सही आणि शिक्का. पुढच्या तपासणीपर्यंत फ्रीजचं काही काम नव्हतं, म्हणून सील तसंच होतं. आम्हाला कामावर घेताना साहेबांनी त्या दारासमोर उभं करून सांगितलं होतं, "यातली एक कुपी कमी भरली ना, तर ती हरवली असं सरकार धरत नाय. कुणीतरी नेली असं धरतंय. मग पोलीस. कळलं का, काहून?"

मला इतकं कळलं होतं की त्या दारापुढून जाताना मी हात पदरात घ्यायची.

तरी खंडेनवमीला साहेबांनी मलाच हाक मारली.

आमच्या भागातल्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदी-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. आमच्याकडंही सकाळपासून चाललं होतं. बाटल्या भरायचं यंत्र झालं, भांडी उकळायचा मोठा डबा झाला, जनरेटर झाला, साहेबांची गाडी झाली. मग साहेब म्हणाले, "आरं, खरी लक्ष्मी तर आतच राहिली की!"

कोणी म्हणालं, राहू द्या साहेब, तिथं सील आहे. साहेब म्हणाले, "देवाला कसलं आलंय सील? ती बी आहे आपली. तिच्यावर कंपनी चालती." मॅडम दसऱ्याला माहेरी गेल्या होत्या आणि जाताना त्यांची चावी साहेबांच्या खणात ठेवून गेल्या होत्या. कशाला वेळ लागणार?

पूजेला सवाष्ण हवी. मॅडम नाहीत, खाला विधवा आणि त्यात मुसलमान. राहिले मी. मी मागं सरले तर साहेब हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "नवरा जित्ता आहे ना कुठंतरी? मग झालं. सवाष्णच की."

सगळे हसले. मी दाराला हळदी-कुंकू लावलं. कुठं लावू म्हणून विचारलं तर साहेबांनी बोटानं जागा दाखवली, अगदी मधोमध. तिथंच सील होतं. ओली हळद सहीवर पसरली. मग त्यांनी दोन्ही चाव्या फिरवल्या, सील टर्रकन फाटलं, आणि डबा बाहेर आला. खालांनी धुऊन आणलेल्या स्टीलच्या ताटात तो ठेवला, झाकण उघडून. साहेबांनी वर हार घातला, आरती केली. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मग हार एका हाताच्या पकडीत उचलून नारळाबरोबर पिशवीत टाकला, डबा आत गेला, दार लागलं. ताटात गळून पडलेला झेंडू तेवढा मामांनी नेला आणि मेंढ्यांना घातला. फुलं उकिरड्यात टाकायची नाहीत, मुक्या जीवाच्या पोटात जाऊ द्यायची, असं त्यांच्याकडचं वळण.

घरी येऊन मी बोटं साबणानं धुतली, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. दसऱ्याच्या दिवशी खालांच्या दारात बसून मी बोटं उन्हात धरून पाहत होते.

"क्या देखरी गे?"

"काळं काही दिसतंय का?"

त्यांनी चष्मा लावून बोट न् बोट पाहिलं. "दिखरा ना. नखों में गोबर है. और कुछ नै."

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी अधिकारी न सांगता आले. सोबत एक मदतनीस. ते सरळ आतल्या खोलीत गेले आणि फाटलेल्या, पिवळ्या झालेल्या सीलकडं बघत बराच वेळ उभे राहिले. मग कुप्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. एक कमी होती.

मला बोलावणं आलं तेव्हा मी गोठ्यात होते. हात धुऊन येऊ का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले. साहेबांच्या टेबलामागं अधिकारी बसले होते, आणि साहेब बाजूच्या खुर्चीवर, जशी काही खुर्ची पहिल्यापासून त्यांचीच. टेबलावर एक कागद होता, टाईप केलेला.

"हळदी-कुंकू तूच लावलंस?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो, पण साहेबांनी..."

"हो की नाही?"

"हो."

साहेब मान हलवत म्हणाले, "अडाणी आहे, सर. ह्या बाया कुठं बी नारळ फोडतात. मी दारावर लावू दिलं, पूजा म्हणून. माझी चूक तेवढीच. मी जनरेटरकडं गेलो तेवढ्यात हिनं खणातून चाव्या काढल्या असतील."

"कुपी कुणाला दिलीस?"

मला प्रश्नच कळला नाही. साहेबांनी तो माझ्यासाठी सोपा केला. "सर, हिचा नवरा पळालेला आहे. काय धंदे करतो देव जाणे. त्यालाच दिली असंल."

मी म्हणाले, "तो कुठं आहे हे मला माहीत असतं तर मी इथं मेंढ्यांची लेंडी काढली असती का?"

मदतनीस हसला. अधिकारी हसले नाहीत. ते म्हणाले, परवानगी नसताना असला जंतू जवळ बाळगणं, दुसऱ्याला देणं, याला तुरुंग आहे, आणि जामीन सहज मिळत नाही. इथं तुझं कोण आहे? मी सांगितलं, कोणी नाही. साहेब माझ्याकडं वाकून हळू, अगदी मायेनं बोलले, "सही कर. उघडलं मी, हरवली माझ्याकडून, एवढंच लिव्हलंय. हरवली म्हटलं की सौम्य होतंय. मी सांभाळून घेतो. नाय केलीस तर चोरी लागती बघ."

कागद इंग्रजीत होता. मला त्यातलं माझं नाव तेवढं वाचता आलं. मी पेन हातात धरलं आणि टेबलावर ठेवलं, पुन्हा धरलं. माझ्यापुढं जेल नव्हतं. आई होती, आणि तिला हे सांगायला गेलेला कोणीतरी गावचा पोलीसपाटील. तिला कळलंच नसतं काय झालं ते. पोरीनं काहीतरी विषारी चोरलं, एवढंच.

तेवढ्यात खाला दारात आल्या. कोपरापर्यंत ओले हात, रबराचा एप्रन तसाच.

"साब, मैं बोलूं?"

"तू भांडी घास," साहेब म्हणाले.

"घासतीच आरी हूँ इत्ते बरस से." त्या अधिकाऱ्यांकडं वळल्या. "इस पोट्टी कू क्या पूछरे? दोनों चाबी साहबच फिराए. मैं ताट धो के लाई, मेरे हात में था. डब्बा साहब निकाले, हार साहब डाले, हार उठाए भी साहबच. गाडी कू एक हार बांधे, ये वाला थैली में डाल के डिक्की में रक्खे. सब खडे थे. सब देखे. अब सब के मुँह में दही जम गया."

बाहेर खात्यातली माणसं उभी होती, त्यात मामाही, सगळे आपापल्या चपलांकडं बघत राहिले. नंतर मामा मला म्हणाले, बाय, मला लेकीचं लगीन करायचं होतं.

अधिकाऱ्यांनी गाडीची डिक्की उघडायला लावली. पिशवीत कोमेजून काळा पडलेला हार होता आणि खोबऱ्याला वास सुटलेली नारळाची अर्धी वाटी. दुसरी वाटी साहेबांच्या घरी प्रसाद म्हणून गेली होती. मदतनीसानं हातमोजे घालून हार उलगडला. झेंडूच्या दोऱ्यात, दोन फुलांच्या मधे, कुपी अडकलेली होती. शाबूत.

मी खालीच बसले. रडले की हसले ते आठवत नाही, पण कोणीतरी "पाणी द्या तिला" म्हणालं आणि कोणी दिलं नाही.

साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मुलांना दिलेला प्रसाद त्यांना आठवला असेल. पण असली माणसं पडत नाहीत, मांजरासारखी असतात. घाम पुसून त्यांनी पहिलं वाक्य काय काढलं असेल?

"सर, पण हिला कसं माहीत, कुपी नेमकी कुठं आहे ते?"

अधिकारी खालांकडं पाहू लागले. खाला म्हणाल्या, कुपीचं मी कुठं बोलले, मी हाराचं बोलले. पण वही उघडली गेली होती.

"नाव काय? राहता कुठं?"

"बेगमपुरा."

"घरी कोण कोण?"

"लडका है. रिक्षा चलाता."

"कुठं कुठं जातो? दोस्त कोण त्याचे? बाहेरगावी, बाहेरदेशी कोणी नातेवाईक?"

"मेरी बहेन है, नांदेड कू."

"बाहेरदेशी?"

"नांदेड के आगे मेरेकू मालूम नै, साब."

मदतनीसाला हसू आलं. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं पाहिल्यावर त्यानं ते आवरलं. प्रश्न मात्र थांबले नाहीत. माझ्या वेळी चार वाक्यांत आटोपलं होतं. खालांच्या वेळी मुलाचा फोन नंबर, रिक्षाचा नंबर, मशीद कुठली, सगळं झालं. मी उठून म्हणाले, "साहेब, तिनं तर खरं सांगितलं. तिच्यामुळंच सापडली ना?"

अधिकारी मान वर न करता म्हणाले, "तू सुटलीस ना? मग गप बस."

संध्याकाळी हुकूम आला. पूजेतली फुलं मेंढ्यांच्या पोटात गेली आहेत, म्हणून गोठा रिकामा करायचा. त्या वेळी सगळ्या निळ्या होत्या, लस पास झालेल्या, जगून वाचून उरलेल्या. मामांनी एकेकीचं डोकं मांडीवर धरलं, जनावरांच्या डॉक्टरांनी मरणाची सुई दिली. मी पाय धरायला होते. मेंढ्यांना वाटत होतं आज पुन्हा लसच आहे, म्हणून त्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. मेंढ्या जाळायच्या भट्टीचा धूर शेंद्र्याच्या शेतांवरून गेला. साहेब कार्यालयाच्या खिडकीतून बघत होते. नंतर माझ्या बाजूनं जाताना म्हणाले, "बघ काहून, तुझ्या कुंकवाचा गुण."

साहेबांची बदली झाली, दुसऱ्या गावच्या कारखान्यात, मोठ्या जागेवर. निरोप समारंभ झाला, भाषणं झाली. खालांना मात्र आतल्या खोलीत परवानगीशिवाय ताट घेऊन गेल्या म्हणून काढलं. ताट आणायला साहेबांनीच सांगितलं होतं, पण ते कोण बोलणार? मी बोलले. नव्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला पण जायचंय का?

मला खोलीचं भाडं होतं. मी गेले नाही.

मग बेगमपुऱ्यात पोलीस यायला लागले. आधी रीतसर, मग सहज. विषारी जंतूच्या प्रकरणात नाव आलेलं घर, एवढं गल्लीला पुरे होतं. मुलाची रिक्षा चौकीवर लावून ठेवायचे, संध्याकाळी सोडायचे. फाडलेल्या सीटमधून फोम बाहेर आलेला असायचा. शेजारणी पाणी भरायला खालांच्या नळावर येईनात. एक जण मलाच म्हणाली, "उसके हात का मत खा गे, बीमारी लाती वो." घरमालक, ज्याला त्यांनी मला "मेरी बच्ची" म्हणून दाखवलं होतं, त्यानं खालांना घर सोडायला सांगितलं. मला नाही सांगितलं. माझं नाव कागदात उरलंच नव्हतं.

खाला बहिणीकडं नांदेडला निघाल्या तेव्हा मी बसस्टँडवर गेले होते. मला रडू आवरेना. पोत्यावर बसलेल्या खाला मलाच ओरडल्या, "कायकू रोती? तू जेल में जाती तो डब्बा कौन लाता? मैच लाती ना? हर्सूल तक? मेरे घुटने देखी तू?"

हर्सूलचं जेल शहराच्या त्या टोकाला आहे. मी रडता रडता हसले. त्या हसल्या नाहीत. गाडी लागल्यावर मुलाला आधी चढवलं, कारण स्टँडवरचा एक हवालदार त्याच्याकडं बघत होता.

मी अजून तिथंच कामाला आहे. आता भांडी मी धुते. पूजा गेटाबाहेर होते, आतल्या खोलीला कॅमेरा आहे, चाव्या खरोखरच दोघांकडं असतात. सरकारचा नियम चांगलाच आहे, हे मी कुणालाही सांगेन. असला जंतू कुणाच्याही डिक्कीत फिरू नये. पण नियम मोडणारा बढतीवर गेला आणि कुपी जिच्या बोलण्यानं सापडली तिचं नाव चौकीच्या कागदात तसंच आहे. कुठं काही झालं, कुठं संशयास्पद पुडी सापडली, की नांदेडला तिच्या मुलाला बोलावणं येतं. फोनवर खाला म्हणतात, बैठा के रखते, चाय पिलाते, छोड देते. चहा पाजतात हे त्या दरवेळी सांगतात.

चौकीवर मी एकदा गेले होते. सांगितलं, त्या दिवशी मी तिथं होते, माझा जबाब घ्या. हवालदारानं विचारलं, तू कोण तिची? मी म्हणाले, कोणी नाही. तो म्हणाला, मग जा घरी.

ते उत्तर चुकलं. कोणी नाही असं पुन्हा म्हणणार नाही. आता माझी भीती गेली आहे असंही नाही. खाकी कपडा दिसला की मी अजून रस्ता बदलते. पण जबाब कसा लिहितात, अर्ज कुणाच्या नावे करतात, वर कुठं जायचं, हे मी एका वकीलबाईंकडून शिकते आहे, सुट्टीच्या दिवशी जाऊन. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

खाला, तुम्हाला हे कोणी वाचून दाखवलं तर ऐका. तुम्ही ओल्या हातांनी त्या दारात आलात, तशी मी एक दिवस तुमच्यासाठी त्या टेबलापुढं उभी राहीन. कोण तिची म्हणून विचारलं तर सांगेन, तिची बच्ची, आणि त्या कागदातून तुमचं आणि तुमच्या मुलाचं नाव काढल्याशिवाय तिथून हलणार नाही. आज नाही जमलं, पण हे तुमचं फेडीन.